मडक्यांतील मूठभर पीठ

शास्त्रपाठ : १ राजे १७ : १-२४

मृग कोरडा गेला, पेरलेलें बीं मातींतच करपलें, आणि घरांतील कणगीचा तळ दिसूं लागला, म्हणजे भाविक मनुष्याच्याही मनांत प्रश्न उभा राहतो : ‘मीं प्रार्थनेंत खंड पडूं दिला नाहीं, मग देवानें मला कां टाकिलें?’ शेजारीपाजारीही तेंच विचारितात; परंतु त्यांच्या बोलण्यापेक्षां आपल्याच मनाचें बोलणें अधिक बोंचतें. ह्या प्रश्नाचा विचार करितांना एलीया संदेष्ट्याचा इतिहास आपल्या फार उपयोगी पडेल.

१. आज्ञा पाळणाऱ्याचाही ओहळ आटतो. अहाब राजाच्या काळीं अवर्षण पडलें, तेव्हां देवानें एलीयास करीथ ओहळाजवळ जावयास सांगितलें, आणि तो गेला. कावळे त्यास सकाळसंध्याकाळ भाकर व मांस आणीत, आणि तो ओहळाचें पाणी पीत असे. कांहीं दिवसांनीं तो ओहळही आटला. मग एलीया भलत्या ठिकाणीं गेला होता काय? नाहीं, देवानें पाठविलें तेथेंच तो होता. जें अवर्षण त्यानें राजास कळविलें, त्याची झळ त्यासही लागली. यास्तव संकट आलें एवढ्यावरूनच देव आपणांवर कोपला असा निर्णय करूं नये. भक्ताच्या शेतावर निराळा पाऊस पडत नाहीं.

२. मडकें कांठोकांठ भरलें नाहीं. ओहळ आटल्यावर देवानें त्यास सीदोन प्रांतांतील सारफथ येथें एका विधवेकडे पाठविलें. ती परराष्ट्रीय होती. घरीं मडक्यांत मूठभर पीठ व कुपींत थोडें तेल. तेवढें खाऊन आपण व आपला मुलगा मरणार, अशी तिची खात्री झाली होती. अशा स्त्रीजवळ संदेष्ट्यानें प्रथम आपल्यासाठीं लहानशी भाकर मागितली. मागणी कठीण होती, तरी तिनें ती मान्य केली. आणि पाऊस पडेपर्यंत तिचें पीठ सरलें नाहीं. मडकें भरून वाहूं लागलें असें शास्त्र सांगत नाहीं. तें रितें झालें नाहीं, इतकेंच सांगतें. तिला रोज काटक्या वेंचाव्या लागल्या असतील, रोज पीठ मळावें लागलें असेल. उद्यांचें पीठ आज तिच्या दृष्टीस पडत नव्हतें. अरण्यांत इस्राएल लोकांसही मान्ना रोजच्या रोज वेंचावा लागे (निर्गम १६). आणि प्रभूनें शिष्यांस प्रार्थना शिकविली तींत आजची भाकर मागावयास सांगितलें (मत्तय ६ : ११).

३. विश्वास हा आळस नव्हे, आणि सौदाही नव्हे. पंडिता रमाबाईंच्या चरित्रांत हें स्पष्ट दिसतें. त्यांच्या तारुण्यांत आईबाप व वडील बहीण दुष्काळाच्या काळांत मरण पावलीं. १८८० सालीं भाऊ व १८८२ सालीं पती वारले, आणि तान्ही मुलगी पदरीं राहिली. पुढें शारदा सदनास अमेरिकेंतील मित्रांनीं दहा वर्षें मदत देण्याचें वचन दिलें. त्याची मुदत १८९८ सालीं संपावयाची होती. असें असतां १८९७ च्या सुमारास मध्य प्रांतांत दुष्काळ पडला, तेव्हां रमाबाईंनीं तेथून सुमारें ३०० मुली व विधवा आश्रयास आणिल्या. केडगांवीं त्यांनीं विहिरी खणविल्या, शेत पिकविलें, मुलींस हातउद्योग शिकविले. गुडघे टेंकून प्रार्थना करणारे हात कामासही लागले.

सारफथच्या विधवेचा मुलगा मेला, तो एलीयाच्या प्रार्थनेवरून देवानें परत दिला. रमाबाईंची एकुलती एक कन्या मनोरमाबाई १९२१ सालीं वारली. ती परत मिळाली नाहीं. तरी रमाबाईंनीं आश्रमाचें व पवित्र शास्त्राच्या मराठी भाषांतराचें काम टाकिलें नाहीं. ५ एप्रिल १९२२ रोजीं त्यांचा अंत झाला, तोंपर्यंत त्या त्यास लागून होत्या. एका मातेस देवानें लेंकरूं परत दिलें. दुसरीस लेंकरावांचून चालण्याचें बळ दिलें. असें कां, हें आपणांस ह्या जगीं उलगडत नाहीं. तें उलगडलें तरच मी देवास धरून राहीन, असें म्हणणें हा सौदा होय.

तर मग आपण काय करावें? आज हातीं असलेलें काम आज करावें. आपली अडचण मंडळीपासून लपवूं नये. त्या विधवेनेंही आपलें दारिद्र्य एलीयास उघड सांगितलें. आणि मूठभर पिठांतूनही उपाशी शेजाऱ्याचा वांटा काढावा. कारण संदेष्ट्याचें व त्या घराचें पोषण एकाच मडक्यांतून झालें.

विचारासाठीं प्रश्न

१. एलीया आज्ञेंत असतांही ओहळ आटला. यावरून आपण आपल्या व शेजाऱ्याच्या संकटाविषयीं काय शिकावें?
२. देवानें मडकें एकदांच भरून कां दिलें नसेल?
३. आपल्या मंडळींत ह्या आठवड्यांत कोणाच्या घरचें पीठ सरत आलें आहे?