अंडी खाणारा मासा आणि गोट्यांची भूमिती

प्रथमच मासे पाळणाऱ्याने झेब्रा मासा निवडावा. डोक्यापासून शेपटीपर्यंत निळे पट्टे असलेला, जेमतेम ४ सेंटिमीटर लांबीचा हा शांत मासा मूळचा आपल्याच उपखंडातील. गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यांतील संथ ओढे व भातखाचरे ही त्याची घरे. फ्रान्सिस हॅमिल्टन याने १८२२ साली गंगेतील माशांवरील ग्रंथात त्याचे वर्णन केले.

हा मासा थव्याने राहतो, एकटा बावरतो. म्हणून निदान सहा मासे एकत्र ठेवावेत. ६० × ३० × ३० सेंटिमीटरची काचपेटी त्यांना पुरते. नळाचे पाणी एक दिवस उघड्या बादलीत ठेवून क्लोरीन उडून जाऊ द्यावा. पाण्याचे तापमान २४ ते २८ अंश सेल्सिअस असावे. मासे उड्या मारतात, तेव्हा पेटीवर जाळी हवी.

खरी अडचण पिलांची. अंडी घातल्यावर हे मासे स्वतःचीच अंडी खातात! ती वाचवायची कशी? अंडे पाण्यापेक्षा जड असते व चिकट नसते. ते सरळ तळाशी जाते. म्हणून दुसऱ्या लहान पेटीच्या तळाशी १६ मिलिमीटर व्यासाच्या गोट्यांचे दोन थर द्या. एकमेकींना टेकलेल्या तीन गोट्यांमधील फटीतून गोटीच्या व्यासाच्या ०.१५५ पट व्यासाचा गोल जाऊ शकतो. म्हणजे येथे सुमारे २.५ मिलिमीटर. अंड्याचा व्यास सुमारे १ मिलिमीटर. अंडे आत जाते, मासा बाहेर राहतो. गोट्यांवर पाणी १० सेंटिमीटरच ठेवा. अंड्याला जितके कमी अंतर पडावे लागेल तितके बरे.

संध्याकाळी फुगीर पोटाची एक मादी व दोन सडपातळ नर या पेटीत सोडा. रात्रभर अंधार हवा. सकाळी उजेड पडताच मादी बहुधा अंडी घालते. त्यानंतर मोठे मासे लगेच काढून घ्या.

आता भिंग घ्या. अंडे पारदर्शक असते. २८ अंशांना पाऊण तासात पहिल्या पेशीच्या दोन होतात. सुमारे एका दिवसात हृदय धडधडू लागते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पिले बाहेर येतात व काचेला चिकटून राहतात. तोवर अंड्यातील बलक हेच त्यांचे अन्न. पाचव्या दिवशी ती पोहू लागली, की पॅरामीशियम असलेले पाणी थेंब-थेंब द्यावे.

या पारदर्शकतेमुळेच जॉर्ज स्ट्रायसिंगर यांनी अमेरिकेत या माशावर आनुवंशिकीचे संशोधन सुरू केले. त्यांचा गाजलेला निबंध १९८१ सालचा. २०१३ साली त्याचा संपूर्ण जनुकसंच प्रसिद्ध झाला, तेव्हा माणसाच्या सुमारे ७० टक्के जनुकांची जोड त्यात सापडली.

करून पाहा :
१. ०.१५५ हा आकडा समभुज त्रिकोणावरून सिद्ध करा.
२. थोडी अंडी २४ अंशांना व थोडी २८ अंशांना ठेवा. पिले आधी कोठे बाहेर येतात? तासांची नोंद ठेवा.

जास्त झालेली पिले मित्रांना किंवा शाळेला द्या. विहिरीत वा नदीत सोडू नका. तेथील जीवसृष्टीत परका मासा घालणे योग्य नव्हे.