अभ्यंगद्रोणीची उंची

पंचकर्म विभाग उभारताना द्रोणीचे लाकूड, लांबी-रुंदी यांची चौकशी होते, उंचीची क्वचितच. उपस्थाता हा चिकित्सेच्या चार पादांपैकी एक. दिवसभर वाकून अभ्यंग करणाऱ्या त्याच उपस्थात्याला कटिशूल जडावा, हे आपल्याला शोभत नाही.

परिचारकाने ताठ उभे राहून हात सैल सोडावेत. मिटलेली मूठ जेथे येते, साधारण त्या पातळीवर रुग्ण निजण्याचा पृष्ठभाग असावा. द्रोणीचा तळ कडेपेक्षा खोल असतो. म्हणून विक्रेता सांगतो ते माप कडेचे की तळाचे, हे आधी विचारावे. ठेंगण्या परिचारकाला पाट देण्याचा मोह टाळावा, तेलकट फरशीवर तो घसरतो. द्रोणी ठेंगण्याच्या मापाची करून, उंचासाठी तिच्या पायांखाली खाचेचे ठोकळे रुग्ण निजण्यापूर्वी बसवावेत. दोन बाजूंना उभे राहणारे दोघे शक्यतो सारख्या उंचीचे निवडावेत.

शिरोधारेचे पात्र कपाळापासून चार अंगुळे वर असावे लागते, तेव्हा स्टँड वरखाली सरकणारा हवा. तेल कोमट करण्याचे पाण्याचे पातेले व शेगडी जमिनीवर नको. कमरेच्या उंचीच्या ओट्यावर, हाताच्या अंतरावर ठेवावी.