आधी शिवणयंत्र पाहा

चि. मुक्ता हिस,


तुझ्या प्रबंधाचं पहिलं प्रकरण सावकाश वाचलं. विषय उत्तम आहे आणि तू तो मनापासून धरला आहेस. पण ‘ब्रिक लेन’बद्दल लिहिताना तू जवळजवळ सगळी पानं नाझनीन आणि करीमच्या प्रेमाला दिलीस, जणू त्या तरुणानेच तिला जागं केलं. हे मला पटत नाही.

मोनिका अलीच्या या कादंबरीत (२००३) नाझनीन लग्न होऊन पूर्व लंडनच्या टॉवर हॅम्लेट्समध्ये येते. नवरा तिच्याहून दुपटीने मोठा. घरात आधी शिवणयंत्र येतं आणि मग शिवायच्या कपड्यांचे गठ्ठे घेऊन करीम. हा क्रम विसरू नकोस. नवऱ्याने काढलेल्या कर्जाच्या वसुलीला मिसेस इस्लाम येते, तेव्हा हीच अबोल नाझनीन तिला म्हणते, व्याज घेत नाही अशी कुराणावर शपथ घ्या. त्या सावकारिणीला ती शपथ घेता येत नाही. माझ्या मते कादंबरीतला सर्वांत मोठा प्रसंग हाच, आणि तुझ्या प्रकरणात त्याचा उल्लेखही नाही! पुढे नवरा ढाक्याला परततो, ती जात नाही. करीमशी लग्नालाही नकार देते. मुलींना घेऊन लंडनमध्येच राहते आणि मैत्रिणींबरोबर शिवणकाम करते.

बुची एमेचेटाही वाच. नायजेरियातून लंडनला आलेल्या या लेखिकेच्या पहिल्या कादंबरीचं हस्तलिखित तिच्या नवऱ्याने जाळलं. पाच मुलांना घेऊन ती वेगळी झाली, नोकरी करत समाजशास्त्राची पदवी घेतली आणि जळालेली कादंबरी पुन्हा लिहिली. तीच ‘द ब्राइड प्राइस’, १९७६ साली आली. २०१९च्या बुकरची सहविजेती बर्नार्डिन एव्हारिस्टो हिच्या ‘गर्ल, वुमन, अदर’मधली बम्मीही याच वाटेवरची. गणिताची पदवी असून ती लंडनमध्ये साफसफाई करते आणि शेवटी स्वतःची कंपनी काढते. तू मात्र बँकेत काम करणाऱ्या तिच्या मुलीवरच थांबलीस.

बाई काय कमावते, ते पैसे कोणाच्या हातात जातात, घर कोणाच्या नावावर आहे, हे आधी शोध. तिच्या मनाविषयी त्यानंतर लिही. तुझ्या मार्गदर्शकांना दाखवण्याआधी हे प्रकरण या नजरेने पुन्हा लिहून मला पाठव.

तुझी,
मावशी