गावाकडचं घर बंद करून येताना

आई-वडील मुलांकडे इकडे अमेरिकेत आले, किंवा दोघंही राहिले नाहीत, की गावाकडचं घर बंद पडतं. संगमनेर, शेवगाव, पाथर्डी, श्रीगोंदा अशा तालुक्यांतून ओहायोत येऊन स्थिरावलेल्या आम्हा काही कुटुंबांवर ही वेळ येऊन गेली आहे. नव्यानं येणारी मंडळी निघायच्या आदल्या दिवशी बाजारातून मोठं कुलूप आणतात, किल्ली चुलत्यांच्या हातात ठेवतात आणि विमानात बसतात. एवढ्यावर घर टिकत नाही. आमच्यातल्या घराघरांतून जमा झालेलं इथे सांगतो आहे, आणि त्यातलं मुख्य आधीच सांगून टाकतो: कुलपाआधी घर राखणारा माणूस ठरवा, आणि त्याला त्या कामाचे पैसे द्या.

बंद घरं आपल्या नगर जिल्ह्याला नवी नाहीत. पाथर्डी, जामखेड, शेवगावची ऊसतोड कुटुंबं दसरा-दिवाळीच्या सुमारास दाराला कडी लावून निघतात, ती मार्च-एप्रिलकडे परततात. वस्तीवर म्हातारी माणसं मागं राहतात आणि कोणाच्या अंगणात कोण फिरकलं हे त्यांच्या नजरेतून सुटत नाही. शनिशिंगणापुरात तर घराला दारच न लावण्याची परंपरा. युको बँकेनं २०११ मध्ये तिथे शाखा काढली तीही कुलपाविना. दोन्हीकडे राखण होते ती गावाच्या नजरेनं. पण ऊसतोडीला गेलेला माणूस सहा महिन्यांत परत येणार हे गावाला माहीत असतं. तुम्ही कधी येणार हे कोणालाच माहीत नसतं, आणि वर्ष-दोन वर्षं गेली की ती नजर हळूहळू दुसरीकडे वळते. सख्खा भाऊ असला तरी त्याला त्याची शेती आहे, संसार आहे. त्याच्यावर फुकटचं ओझं टाकलं की पहिली दोन वर्षं मायेत जातात, तिसऱ्या वर्षी कुरबुर सुरू होते.

ठरवलेल्या माणसानं करायचं काय? दर पंधरा दिवसांनी सगळी दारं-खिडक्या तास-दोन तास उघडायची, झाडलोट करायची, पावसाळ्यात छताखाली ओल दिसते का पाहायची, लाकडी चौकट बोटांनी ठोकून पाहायची. पोकळ आवाज आला की आत वाळवी शिरली समजा. त्याच वेळी तुम्हाला व्हिडिओ कॉल करून घर दाखवायचं. पैसे दरमहा त्याच्या बँक खात्यात पाठवा आणि त्याला देखभालीसाठी ठेवलं आहे असा एका पानाचा कागद दोघांच्या सहीनं करा. या कागदाची किंमत पुढे कळते. गोव्यातल्या एका बहीण-भावाच्या वादात सर्वोच्च न्यायालयानं २०१२ मध्ये स्पष्ट केलं, की देखभालीसाठी ठेवलेला माणूस कितीही वर्षं राहिला तरी त्याला मालकी हक्क मिळत नाही. मात्र तो देखभालीसाठीच होता हे तुम्हाला दाखवता यायला हवं.

आता दार. मराठी वर्तमानपत्रांत घरफोडीची बातमी वाचा, ‘कडी-कोयंडा तोडून’ हे शब्द हमखास सापडतील. चोर कुलपाच्या नादी लागतच नाही. कोयंडा दाराला चार छोट्या स्क्रूंनी बसवलेला असतो. पहार घालून एक हिसका दिला की स्क्रू लाकडासकट बाहेर येतात आणि कुलूप कोयंड्यात तसंच लटकत राहतं. शेवगाव तालुक्यातल्या आमच्या एका स्नेह्यांच्या घरी नेमकं हेच झालं. तांब्याची भांडी, पितळी समया आणि विहिरीवरची मोटर गेली. पोलिसांनी पंचनाम्यात लिहिलं, की कुलूप शाबूत होतं. म्हणून सुताराकडून कोयंडा दाराच्या आरपार जाणाऱ्या नट-बोल्टनं बसवून घ्या, नट आतल्या बाजूला यायला हवेत. मागच्या दारांना आतून अडसर लावा आणि एकाच दारानं बाहेर पडा. जुन्या वाड्याचा अडसर भिंतीतल्या खोबणीत सरकतो, त्याला तोड नाही. तो काढून जळणात घातला असेल तर नवा करून घ्या.

खिडक्यांना फळ्या ठोकाव्यात का, असं अनेकजण विचारतात. आमच्या ओहायोनं याचा फार अनुभव घेतला आहे. २००८ च्या मंदीत क्लीव्हलँडमध्ये हजारो घरं रिकामी पडली, खिडक्यांना प्लायवुड ठोकलं गेलं, आणि ते प्लायवुडच लांबून सांगू लागलं की आत कोणी नाही. शेवटी २०१७ मध्ये या राज्यानं जप्तीतल्या ओसाड घरांना प्लायवुड लावण्यावर बंदी घातली आणि त्याजागी पारदर्शक पॉलिकार्बोनेट आलं. नगरकडेही रस्त्याच्या बाजूची खिडकी फळीनं बंद करू नये असं आमचं ठाम मत आहे. पडदे ठेवा, गज पक्के करा, काचा धुऊन घ्या. पडक्या बाजूची किंवा मागच्या बोळातली गज नसलेली खिडकी मात्र बंद करावीच लागते. तिथे चौकटीला खिळे मारू नका, जुनं सागवान फाटतं. बाहेरून प्लायवुडचा तुकडा, आतून दोन आडव्या पट्ट्या, आणि दोन्हींना जोडणारे गोल डोक्याचे लांब बोल्ट, अशी पद्धत इथे वापरतात. बाहेरच्या गोल डोक्याला पाना बसत नाही, नट आत राहतो आणि चौकटीला एकही भोक पडत नाही. वर चार बोटं फट ठेवून तिला बारीक जाळी लावा. हवा पूर्ण कोंडली की घराला कुबट वास लागतो आणि वाळवीला ओल मिळते.

तालुक्यानुसार शत्रू बदलतो. अकोले तालुक्यात घाटघर-रतनवाडीकडे घर असेल तर पाऊस. कौलं मे महिन्यातच चाळून घ्यावी लागतात. कर्जत-जामखेडकडे ऊन आणि वाळवी. धाब्याचं घर असेल तर मृगाच्या आधी वरचं गवत उपटून पांढरी माती टाकलीच पाहिजे. एखादं वर्ष चुकलं तर पाणी तुळयांपर्यंत पोचतं. राहुरी, संगमनेर, पारनेरच्या उसाच्या पट्ट्यात रिकामा गोठा उघडा टाकू नका. बिबट्याला आडोसा मिळाला तर त्रास शेजाऱ्यांना होतो.

पाण्याची टाकी रिकामी करून पालथी घालता येत नसेल तर झाकण घट्ट बांधा, नाहीतर डासांची पैदास होते. न्हाणीतल्या जाळीखालचं पाणी महिन्याभरात सुकतं आणि त्या वाटेनं झुरळं-उंदीर वर येतात. निघताना त्यात वाटीभर गोडेतेल ओता, तेलाच्या थरानं पाणी टिकतं. गॅसची टाकी घरात ठेवू नका. विजेचा मेन स्विच बंद करा, पण जोडणी चालू ठेवा आणि महावितरणचं बिल बारा आकडी ग्राहक क्रमांकावर इथूनच भरत राहा. कॅमेरा लावणार असाल तर सौर पॅनेल आणि सिमकार्डवाला घ्या. भारनियमनात वाय-फायचा भरवसा नाही.

निघण्याआधी पोलीस पाटलांना भेटा आणि देखभालीच्या माणसाचा मोबाइल क्रमांक गावातल्या ग्रामसुरक्षा यंत्रणेत नोंदवा. एका फोनवर साऱ्या गावाला एकाच वेळी संदेश जातो. तातडीला ११२ आहेच.

घरात काय ठेवायचं नाही, हे वेगळं सांगायला हवं. देवघरातले टाक बंद घरात ठेवू नका. ते थोरल्या घरी किंवा बहिणीकडे द्या, म्हणजे पूजाही खंडत नाही आणि चांदीही सुरक्षित राहते. दागिने बँकेच्या लॉकरमध्ये. पण भाडं वेळेवर जातंय म्हणून निर्धास्त राहू नका. सात वर्षं लॉकर उघडलाच नाही आणि तुमचा पत्ता लागला नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार बँक तो उघडू शकते. गावी जाल तेव्हा एकदा उघडून या.

कागदांवर सगळ्यांत जास्त दुर्लक्ष होतं आणि घर खरं तिथेच जातं. घरपट्टी दरवर्षी भरून पावती स्वतःच्या नावानं घ्या. गावठाणातलं घर असेल तर ग्रामपंचायतीचा नमुना आठ, आणि ड्रोन मोजणी झाली असेल तर मालमत्ता पत्रक मिळवा. शेत असेल तर सातबारा दर सहा महिन्यांनी ऑनलाइन पाहा. परक्यानं उघडपणे, मालकासारखा बारा वर्षं सलग ताबा ठेवला आणि तुम्ही दावा केला नाही, तर मुदत कायद्याप्रमाणे तुमचा हक्क संपू शकतो. शहरातला फ्लॅट भाड्यानं देणार असाल तर लिव्ह अँड लायसन्स नोंदणीकृतच करा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ नुसार ती जबाबदारी मालकाची आहे, आणि करार नोंदवलेला नसेल तर वादात भाडेकरूचं म्हणणं आधी खरं धरलं जातं.

भावाला कुलमुखत्यारपत्र द्यायचं असेल तर कामापुरतंच द्या: बिलं, दुरुस्ती, तक्रार, मोजणी. विक्रीचा अधिकार त्यात येऊ देऊ नका. इथे नोटरी आणि अपॉस्टील करून पाठवलेला कागद महाराष्ट्रात पोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक शुल्क भरावं लागतं. जिल्ह्याचं नाव ऑक्टोबर २०२४ पासून अधिकृतपणे बदललं आहे आणि तुमची जुनी कागदपत्रं जुन्या नावाची आहेत, म्हणून मुखत्यारपत्रात ‘अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर)’ असंच लिहा.

आणि वडिलांच्या नावावरचं घर किंवा शेत अजून तसंच असेल, तर बाकी सगळं बाजूला ठेवा. जमिनीवरचा हक्क मिळाल्यापासून तीन महिन्यांत कळवायचा असतो. मुदत उलटली तरी वारस नोंद करता येते. मृत्यूचा दाखला आणि वारसांची नावं काढून ठेवा आणि आजच शेतासाठी तलाठी कार्यालयात, गावठाणातल्या घरासाठी ग्रामपंचायतीत कोणाला तरी पाठवा.