नेत्रशस्त्रक्रिया आणि निर्ढावलेले जीवाणू

वाढत्या वयाबरोबर डोळ्यातील पारदर्शक भिंग गढूळ होते. यालाच मोतीबिंदू म्हणतात. गढूळ भिंग काढून त्या जागी कृत्रिम भिंग बसवले, की बहुतेक रुग्णांना पुन्हा स्पष्ट दिसू लागते. शस्त्रक्रिया काही मिनिटांची असते आणि रुग्ण बहुधा त्याच दिवशी घरी जातो. मात्र क्वचित एखाद्याच्या डोळ्यात जीवाणू शिरतात आणि दृष्टी मिळवण्यासाठी आलेला माणूस असलेली दृष्टीही गमावून बसतो.

संसर्ग कसा होतो?

पुष्कळदा हे जीवाणू रुग्णाच्याच पापण्यांवरचे असतात. त्वचेवर ते निरुपद्रवी असतात. नेत्रगोलात मात्र घातक ठरतात. काही वेळा दूषित द्रावणातून किंवा नीट निर्जंतुक न केलेल्या उपकरणांतून 'स्यूडोमोनास' हा ओलाव्यात वाढणारा जीवाणू आत जातो. असे द्रावण एकाच दिवशी अनेकांसाठी वापरले गेले, तर अनेक डोळे एकदम धोक्यात येतात.

नेत्रगोलातील पारदर्शक द्रवात रक्तवाहिन्या नसतात. त्यामुळे गोळीतून घेतलेले औषध तेथे पुरेसे पोहोचत नाही. म्हणून डॉक्टर प्रतिजैविक सुईने थेट डोळ्यात सोडतात.

औषध निष्प्रभ का होते?

लक्षावधी जीवाणूंमध्ये काहींच्या अंगी औषधाला तोंड देण्याची क्षमता असते. काही औषधाचे विघटन करतात, तर काही ते पेशीबाहेर फेकतात. औषधाने इतर मरतात, हे उरतात आणि त्यांचीच संख्या वाढते. अनावश्यक किंवा चुकीच्या रीतीने घेतलेले औषध या निवडीला हातभार लावते. 1928 मध्ये पेनिसिलिनचा शोध लावणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी अपुऱ्या मात्रेचा हा धोका 1945 मध्येच सांगितला होता. अशा जीवाणूंचा संसर्ग डोळ्यात झाला, तर नेहमीचे औषध चालत नाही. योग्य औषध सापडेपर्यंत दृष्टिपटलाची हानी होते; प्रसंगी डोळाच काढावा लागतो.

उपाय

शस्त्रक्रियेपूर्वी डोळ्यात पोव्हिडोन आयोडिनचे थेंब घालतात. ते प्रतिजैविकांना न जुमानणाऱ्या जीवाणूंनाही मारते. 1976 मध्ये मदुराई येथे सुरू झालेल्या अरविंद नेत्र रुग्णालयाने शस्त्रक्रियेच्या शेवटी डोळ्यात मॉक्सिफ्लॉक्सॅसिन सोडण्याची पद्धत वापरली. सहा लाखांहून अधिक शस्त्रक्रियांचा अभ्यास 2017 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात संसर्गाचे प्रमाण दहा हजारांत सुमारे 7 वरून 2 वर आल्याचे दिसले. तरीही जीवाणू या औषधालाही सरावू शकतात. म्हणून स्वच्छता हीच पहिली ढाल होय.

भारतात 2014 पासून अनेक महत्त्वाची प्रतिजैविके विकताना औषधविक्रेत्याला रुग्ण व डॉक्टर यांची नोंद ठेवावी लागते. परंतु नियमाला रुग्णाच्या जागरूकतेची जोड हवी. शस्त्रक्रियेनंतर डोळा दुखू लागला, लाल झाला किंवा दृष्टी मंदावली, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जावे. शेजाऱ्याचे उरलेले थेंब घालून वाट पाहू नये. अशा वेळी एका रात्रीचा विलंबही आयुष्यभराचा अंधार ठरू शकतो.

शब्दार्थ

निर्ढावलेला – कशालाही न जुमानणारा
निष्प्रभ – परिणाम न करणारा
दृष्टिपटल – डोळ्याच्या मागील बाजूचा प्रकाशसंवेदी पडदा

पाठगत प्रश्न

1. डोळ्यातील संसर्गावर केवळ गोळी पुरेशी का ठरत नाही?
2. 'स्वच्छता हीच पहिली ढाल होय' हे विधान सकारण स्पष्ट करा.