देखरेखीची खोली आणि आमचा कोठा

आमच्या गावात शाळेच्या व्हरांड्यात रात्रीचा वाचनवर्ग भरतो. मूर्तिजापूरहून दर्यापूरला जो रस्ता जातो, त्याच्या आत दोन कोसांवर गाव आहे. दिवसभर कपाशीत आणि तुरीत राबलेली माणसे जेवण उरकून येतात. बाया जास्त, पुरुष थोडे. मी जुन्या अकरावीचा मॅट्रिक. ३४ वर्षे शाळेत गेली, त्यांतली शेवटची ९ मुख्याध्यापक म्हणून. आता निवृत्त आहे, पण खडू काही हातातून सुटत नाही.

एके रात्री मी फळ्यावर एक बातमी लिहिली. तुम्हीही ती सावकाश वाचा.

"स्कॉटलंड देशातील ग्लासगो शहरात जानेवारी २०२५ मध्ये एक खोली उघडली. व्यसनी माणूस आपली नशा बरोबर घेऊन तेथे येतो. परिचारिकेच्या नजरेसमोर तो ती टोचून घेतो. त्या खोलीत नशा जवळ बाळगली म्हणून त्याच्यावर खटला भरत नाहीत."

वाचून होते न होते तोच गलका झाला. एक बाई म्हणाली, "काहून जी गुर्जी, हे का चांगलं हाय? सरकारच म्हनते, ये बाप्पा, बस आन् घे!" मागून एक जण म्हणाला, "आमच्या देशी दारूसाठी बी अशी एक खोली करा म्हना!" सगळे हसले.

एक म्हातारी हसली नाही. ती म्हणाली, "मेल्यापरीस बरं." मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "माह्या पोराले कोठ्यात कोंडाले तुमीच सांगतलं होतं, गुर्जी."

व्हरांडा एकदम गप्प झाला. ती म्हणाली ते खरे होते. ती गोष्ट मी पुढे सांगणारच आहे. आधी ही खोली म्हणजे काय, ते समजून घेऊ.

अफूपासून हेरॉइन होते. त्यातला हलका, भेसळीचा माल म्हणजे गर्द. १९८० नंतर हा गर्द मुंबईपुण्यात पसरला. कोणी तो ओढतो, कोणी शिरेत टोचतो. मात्रा जास्त झाली की माणसाला गाढ झोप लागल्यासारखे दिसते. ओठ निळे पडतात. श्वास मंद होत जातो, आणि थांबतो. जवळ जाणते माणूस असले तर त्याला वाचवता येते. नालॉक्सोन नावाचे औषध सुईने देतात किंवा नाकात फवारतात. काही मिनिटांत श्वास परत येतो. जवळ कोणी नसले तर सकाळी प्रेत सापडते.

खोलीचा हेतू एवढाच, की माणूस एकटा मरू नये. तेथे माल विकत नाहीत, फुकटही देत नाहीत. नवी सुई देतात, कारण एकाची सुई दुसऱ्याने वापरली की एड्सचा विषाणू आणि कावीळ रक्तात जाते. आणि येणाऱ्या माणसाला विचारतात, "औषध सुरू करायचे का?" अशी पहिली खोली १९८६ साली स्वित्झर्लंडच्या बर्न शहरात निघाली. ऑस्ट्रेलियात सिडनीला २००१ साली, कॅनडात व्हँकुव्हरला २००३ साली. सिडनीच्या खोलीत पहिल्या २० वर्षांत जास्त मात्रेचे हजारो प्रसंग आले. मृत्यू एकही झाला नाही.

तरी तिकडचे लोक आजही भांडतात. कॅनडाच्या सरकारला व्हँकुव्हरची खोली चालू द्यायची नव्हती. भांडण सर्वोच्च न्यायालयात गेले. २०११ साली न्यायालयाने सांगितले, जिवाचा प्रश्न आहे, खोली चालू राहू द्या. पण त्याच कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांताने २०२४ साली कायदा करून शाळा आणि बालवाड्यांच्या २०० मीटरच्या आत अशा खोल्यांना मनाई केली. शेजारपाजारचे म्हणतात, नशेबाज आमच्या दारात येतात, सुया पडतात, लेकरे पाहतात. त्यांचे म्हणणे अगदीच खोटे नाही. मी मास्तर माणूस, माझ्या शाळेच्या भिंतीला लागून ती खोली मलाही चालली नसती.

आपल्या देशात अशी खोली नाही. १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्याने गर्द घेणे हाच गुन्हा आहे. पण त्याच कायद्यात ६४-अ नावाचे एक कलम आहे. ते फार थोड्यांना ठाऊक असते, म्हणून नीट वाचा. नशा घेताना किंवा थोडा माल जवळ असताना पकडलेला व्यसनी माणूस स्वतः होऊन सरकारमान्य ठिकाणी उपचार घ्यायला तयार झाला, तर त्याच्यावरचा तो खटला चालत नाही. उपचार अर्धवट सोडला तर मात्र ही सूट काढून घेता येते. शिवाय सरकारच्या एड्स नियंत्रण कार्यक्रमात टोचणाऱ्यांना नव्या सुया मिळतात. ब्युप्रेनॉर्फिन नावाची गोळी केंद्रात समोर बसवून जिभेखाली ठेवायला देतात. तिने गर्दची ओढ शांत होते आणि माणूस कामाला जाऊ शकतो. म्हणजे नजरेसमोर देणे आपल्याकडेही आहे. आपण नशेच्या जागी औषध देतो, एवढा फरक.

वर्गातल्या एका गृहस्थांना हे सारे परदेशी खूळ वाटले. त्यांना मी अफूच्या कार्डाची गोष्ट सांगितली. माझे आजोबा सांगत, की आपल्या भागात अफू घरोघर होती. बाया निंदायला जाताना तान्ह्या लेकराला अफूचा कण चाटवीत, म्हणजे ते झाडाखाली निजून राही. एखादे लेकरू पुढे जागेच होत नसे. म्हातारी माणसे सांधेदुखीवर अफू घेत आणि तिला लागत. गावातल्या एका बुढ्याजवळ सरकारी परवान्याचे कार्ड होते. ते दाखवून तो तालुक्याहून मोजून अफू आणी. स्वराज्य आल्यावर १९४९ साली देशाची अफू परिषद भरली. तिने एका दिवसात कुणाची अफू तोडली नाही. दहा वर्षांची मुदत ठरवली आणि दुकानांत जाणारी अफू दरवर्षी कमी करीत नेली. १९५९ च्या एप्रिलपासून औषधाशिवाय अफू खाणे बंद झाले. जे अगदीच सोडू शकत नव्हते, त्यांना डॉक्टरच्या शिफारशीने थोडी मिळत राहिली. आमचा तो कार्डवाला बुढा म्हणे अंथरुणावर, वयाने गेला.

आता दारूकडे येऊ. आपल्या गावात गर्द नाही, दारू आहे. २०१९ साली दिल्लीच्या एम्स संस्थेने देशभराची पाहणी प्रसिद्ध केली. तिच्यात दारू पिणारे सुमारे १६ कोटी निघाले. त्यांतल्या जवळजवळ पावणेसहा कोटींना पिण्याचा त्रास होत होता. आपला अमरावती जिल्हा तर गाडगेबाबांचा. त्यांचे वडील दारूपायीच गेले. बाबांनी आपल्या मुलीच्या बारशाला दारू-मटणाची चाल मोडून गोड जेवण घातले, हे आपण लहानपणापासून ऐकतो. शेजारच्या वर्धा जिल्ह्यात १९७४ पासून दारूबंदी आहे, गडचिरोलीत १९९३ पासून. चंद्रपुरात ती २०१५ साली आली आणि २०२१ साली उठली. बंदी असावी की नसावी यावर सभा गाजतात. रोज पिणाऱ्याचे दुसऱ्या दिवशी काय होते, हे त्या सभांत मी तरी कधी ऐकले नाही.

त्या म्हातारीच्या मुलाला ते भोगावे लागले.

२०१७ ची गोष्ट. तिचा मुलगा तेव्हा ३६ वर्षांचा होता. हमाली करी. सकाळी उठल्याबरोबर हात थरथरत, म्हणून तोंड धुण्याआधी एक घोट घेई. बायको माहेरी निघून गेली होती. म्हातारी माझ्याकडे आली आणि म्हणाली, "गुर्जी, तुमी शिकलेले. काय करू सांगा." मी म्हणालो, "तीन दिवस कोंडून ठेवा. भाकर-पाणी द्या. दारूचा थेंब देऊ नका. चौथ्या दिवशी सरळ होईल." मला वाटले, मी हुशारीचे बोललो. मुलांना धाकात ठेवायची सवय. माणसाच्या अंगातल्या दारूलाही छडी चालते, असे मला वाटत होते.

भावांनी त्याला गुरांच्या कोठ्यात घातला आणि बाहेरून कडी लावली. पहिल्या संध्याकाळी घाम, उलट्या आणि थरथर. दुसऱ्या दिवशी दुपारी फिट आली. कांदा हुंगवला, पाणी मारले. तिसऱ्या रात्री तो भिंतीवर मुंग्या चालताना पाहू लागला. भिंतीवर एकही मुंगी नव्हती. मेलेल्या बापाला हाका मारू लागला. अंग तव्यासारखे तापले. लोक म्हणाले, बाहेरचे आहे, भगताला आणा. भगत आला. त्याचा अंगारा झाला. पहाटे मी गेलो आणि पाहिले, तेव्हा माझेच पाय लटपटले. १०८ ला फोन केला. गाडी त्याला अकोल्याच्या सर्वोपचार रुग्णालयात घेऊन गेली.

डॉक्टरीण बाईंनी पहिला प्रश्न विचारला, "शेवटची दारू केव्हा घेतली?" भाऊ म्हणाला, "तीन दिवस झाले. आम्हीच तोडली." बाई रागावल्या. "रोज पिणाऱ्याची दारू अशी घरात कोंडून तोडतात का? कोणी सांगितले तुम्हाला?" मी मागेच उभा होतो. म्हातारीही होती. तिने माझे नाव घेतले नाही. मीही घेतले नाही. आठ वर्षे ते माझ्या मनात राहिले होते, आणि त्या रात्री व्हरांड्यात तिने सर्वांसमोर काढले. बरेच झाले.

डॉक्टरीण बाईंनी मला मग समजावले ते असे. दारू मेंदूला दाबून ठेवते. वर्षानुवर्षे दाब असला की मेंदू उलट जोर लावून उभा राहतो, जशी ओढाळ बैलाला आवरणारी माणसे दोरावर मागे रेलतात. दोर एकदम तुटला तर सगळी धाडकन पडतात. दारू एकदम थांबली की मेंदूचे तसे होते. पहिल्या काही तासांत थरथर आणि घाम, दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवशी भास, ताप, भ्रम. उपचार झाला नाही तर यात माणूस मरतो. प्रत्येकाचे असे होत नाही. कधीमधी पिणाऱ्याला भीती नाही. पण सकाळी हात कापतात म्हणून जो पितो, किंवा दारू सोडताना ज्याला पूर्वी फिट आली आहे, त्याने घरी एकट्याने सोडू नये. दवाखान्यात मेंदू शांत ठेवणाऱ्या गोळ्या देतात आणि त्या दिवसागणिक कमी करीत आणतात. बी-१ जीवनसत्त्वाची सुई देतात, कारण दारुड्याच्या अंगात ते उरलेले नसते. आठवडाभरात अंग सुधारते.

अंग सुधारणे आणि व्यसन सुटणे या दोन गोष्टी आहेत. पुण्याला मुक्तांगण म्हणून व्यसनमुक्तीचे केंद्र आहे. डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी ते १९८६ च्या ऑगस्टमध्ये सुरू केले, पु. ल. देशपांडे यांनी पैसा दिला. तेथे आधी औषधाने अंग सावरतात, मग कितीतरी दिवस माणसाशी आणि घरच्यांशी बोलतात. आमचा हा गडी अकोल्याहून ११ दिवसांनी घरी आला. सात महिने प्याला नाही. मग चुलतभावाच्या लग्नात प्याला. लोक म्हणाले, गेले सारे पाण्यात. पण या खेपेला तो स्वतःच मला म्हणाला, "गुर्जी, मले कोंडू नका. अकोल्याले न्या." साखरेच्या रोग्याची साखर पुन्हा वाढली तर आपण त्याला निर्लज्ज म्हणत नाही, पुन्हा दवाखान्यात नेतो. त्यालाही नेले. २०१९ पासून तो प्यालेला नाही.

भिंतीवर तुम्ही जाहिराती पाहता : "न सांगता दारू सोडवा." ती पुडी भाजीत कालवू नका. दारूशी भांडणारे डायसल्फिराम नावाचे खरे औषध आहे. ते घेतल्यावर दारू पोटात गेली की तोंड लाल होते, धाप लागते, छाती धडधडते. डॉक्टर ते पिणाऱ्याला सांगून, त्याची कबुली घेऊन देतात. चोरून दिले आणि त्याने वर दारू ढोसली, तर जीव जाऊ शकतो. विचारायचे असेल तर १४४४६ या सरकारी नंबरावर फोन करा, पैसे पडत नाहीत.

सध्या आमच्या गावात बाटलीच्या मतदानाची तयारी चालू आहे. २००८ च्या सरकारी आदेशाप्रमाणे गावातल्या स्त्री मतदारांपैकी चौथा हिस्सा बायांनी अर्ज दिला, तर दुकानासाठी गुप्त मतदान होते. कागदावर एक उभी बाटली असते, एक आडवी. यादीतल्या एकूण बायांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला, तर दुकान बंद होते. मत द्यायला आलेल्यांपैकी निम्म्या असून भागत नाही, हे ध्यानात ठेवा. घरी बसलेली बाई उभ्या बाटलीच्या कामी येते.

अर्जावर सह्या करायला बाया वर्गातच जमल्या. म्हातारीने सही केली आणि म्हणाली, "दुकान बंद व्हाच्या आदी, रोज पेनाऱ्याईची यादी करा. आशाताईपाशी द्या. नाई तं घरोघरी कोठे भरतीन." बाया कुजबुजल्या. यादीत नाव म्हणजे अब्रू गेली. मग ठरले, की यादी आशाताईच्या वहीतच राहील, फळ्यावर यायची नाही. ज्या घरचे नाव, त्या घरची बाईच येऊन ते सांगेल, आणि मतदानाआधी त्या माणसाला एकदा अकोल्याला दाखवून आणायचे.

वहीत आजवर ११ नावे आली आहेत. मतदानाची तारीख अजून लागलेली नाही.