शिलाई मशीन घेऊन विमानप्रवास

प्रश्न : मुलीच्या बाळंतपणासाठी मी न्यू जर्सीला जाते आहे. दुपटी, झबली, टोपरी, कुंची सगळं तिथेच बसून माझ्या हातानं शिवायची हौस आहे. घरी मोटर बसवलेलं जुनं काळं मशीन आहे. ते विमानातून नेता येईल का? सुया-कात्रीवरून अडवतील का?
— एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : ताई, मशीन नेता येतं. अमेरिकेच्या विमानतळ सुरक्षेच्या, म्हणजे टीएसएच्या यादीत शिलाई मशीन केबिनमध्येही चालतं आणि चेक-इन सामानातही. तुमची खरी अडचण पुढेच आहे, मुलीच्या घरच्या प्लगपाशी.

आपल्याकडे वीज २३० व्होल्टची, अमेरिकेत १२० व्होल्टची. तुमची मोटर तिथे जळणार नाही, पण तिला जोरच मिळणार नाही. मलमलीवर कशीबशी चालेल. दुपट्याची चार पदरी कड आली की अडेल. दुकानात मिळणारा पिनचा अडॅप्टर फक्त पिनांचा आकार बदलतो, व्होल्टेज नाही. त्यासाठी स्टेप-अप ट्रान्सफॉर्मर लागतो. मोटरवर लिहिलेल्या वॉटच्या निदान दुप्पट क्षमतेचा घ्यावा, आणि तो मुलीनं तिथेच घेतलेला बरा, म्हणजे तुमचं वजन वाचेल.

त्याहून सोपी वाट तुमच्या काळ्या मशीनमध्येच आहे. मोटर काढा आणि हाताचं हँडल लावून घ्या. मोटर ज्या स्क्रूवर बसते तिथेच बहुधा हे हँडल बसतं. चाकाला आरे असले की मशीनचा मिस्त्री ते थोड्या वेळात बसवून देतो. मग व्होल्टचा प्रश्नच मिटला. बाळाच्या कपड्यांना वेग लागत नाही, टाका सरळ यावा लागतो. हाताच्या मशीनवर तो उत्तम येतो, आणि बाळ निजलेलं असताना मोटरची घरघरही नाही.

आता वजन. लोखंडी मशीन दहा किलोच्या पुढे जातं, त्यामुळे ७ किलोच्या केबिन बॅगेचा विचार सोडा. अमेरिकेच्या तिकिटावर चेक-इनच्या एका नगाला पुष्कळदा २३ किलो मिळतात. तुमच्या तिकिटावर काय लिहिलं आहे ते नीट पाहा. मशीनची बॅग त्याच मर्यादेत बसवा. जादा वजन लागणारच असेल तर ते आधी ऑनलाइन घ्या, काउंटरवर सहसा महाग पडतं.

बांधणी मात्र स्वतः उभं राहून करून घ्या. सुई, बॉबिन आणि बॉबिन केस काढून एका डबीत ठेवा. प्रेसर फूटखाली दुहेरी कापड घालून तो खाली सोडा. मशीन आडवं केलं की मागच्या बाजूला बिजागरीचे दोन स्क्रू दिसतात. ते सैल केले की मशीन लाकडी बेसपासून सुटं होतं. जोडूनच पाठवलं तर बॅग आपटल्यावर सगळा भार त्या दोन बिजागऱ्यांवर येतो आणि बेसचं लाकूड तिथेच चिरतं. रिळाच्या काड्या निघत असतील तर काढा, नसतील तर त्यांच्याभोवती कापड गुंडाळा. सर्वांत जास्त जपायचं ते बाजूला बाहेर आलेलं चाक. पहिला मार त्यालाच बसतो, आणि त्याचा दांडा जरा जरी वाकला तरी मशीन जड फिरतं. चाकाभोवती जाड टॉवेल गुंडाळा आणि त्या बाजूला थर्माकोलचा तुकडा द्या. तेल पुसून मशीन आधी प्लास्टिकमध्ये आणि मग जुन्या गोधडीत बांधा. बॅगेत ते चाकांच्या बाजूला, तळाशी ठेवा आणि चारही बाजूंनी कपडे दाबून भरा. बॅग हलवली तर आत काही सरकता कामा नये.

कात्री, स्क्रूड्रायव्हर, उसवणी आणि सुया, सगळं चेक-इनच्या बॅगेत टाका, म्हणजे वादाला जागाच उरणार नाही. मशीनच्या तेलाची बाटली नेऊ नका. ती अडवली जाण्याचा धोका आहे आणि सांडली तर सगळे कपडे खराब होतील. तेल तिथे मिळतं. एक्स-रेमध्ये लोखंडाचा मोठा गोळा दिसला की बॅग उघडून बघू शकतात. घाबरू नका, मशीन आहे म्हणून सांगा. अमेरिकेत तुमच्या गैरहजेरीतही बॅग उघडली जाते, म्हणून टीएसए मान्य कुलूप लावा.

निघण्यापूर्वी मशीनचे फोटो काढून ठेवा. मोडतोड झालीच तर विमानतळ सोडण्यापूर्वी विमान कंपनीच्या काउंटरवर तक्रार नोंदवा आणि तिची प्रत घ्या. भारत आणि अमेरिका दोघांनाही लागू असलेल्या मॉन्ट्रियल करारानुसार, बॅग हाती आल्यापासून ७ दिवसांत लेखी तक्रार करावी लागते. मुदत टळली की हक्क जातो.

प्रश्न : भाऊ अमेरिकेहून माझ्यासाठी सिंगरचं जुनं फेदरवेट मशीन आणतो आहे. त्याला काय सांगू?
— एक वाचक, फोंडा

उत्तर : भाऊ मोलाची वस्तू आणतो आहे. सिंगरनं हे २२१ नंबरचं मॉडेल १९३३ साली शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात मांडलं. त्याचं अंग ॲल्युमिनियमचं, वजन जेमतेम ५ किलो. ते मुळातच उचलून नेता यावं म्हणून बनवलेलं आहे, तेव्हा विमान कंपनीच्या केबिनच्या वजनात आणि मापात बसत असेल तर ते हातातच आणावं.

तुमच्याकडे धोका ताईंच्या उलट आहे. अमेरिकेतलं मशीन ११० ते १२० व्होल्टचं. ते गोव्यातल्या प्लगला थेट लावलं तर मोटर आणि दिवा दोन्ही जळतील. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर आणल्याशिवाय चालू करून बघण्याचा मोह आवरा. मोटरवरची पट्टी मात्र आधी वाचा, कारण ब्रिटनसाठी स्कॉटलंडच्या कारखान्यात जास्त व्होल्टची फेदरवेटही बनत होती.

सुयांची काळजी नको, आपल्या घरगुती मशीनच्या नेहमीच्या सुया त्याला चालतात. बॉबिन मात्र त्याच्या वेगळ्या असतात आणि आपल्या दुकानांत सहजी मिळत नाहीत. म्हणून घेण्यापूर्वी भावाला झाकण उघडून आत मूळ बॉबिन केस आहे ना ते बघायला सांगा, आणि जादा बॉबिन तिथूनच आणायला लावा. त्याशिवाय इतकं देखणं मशीन घरात नुसतं पडून राहील.